मी, किनेज आणि मॉरा पटुलोच्या काळ्या पट्ट्या

२ जानेवारी

सुट्टी. अख्खं डंडी शहर परवाची उतरवत अंथरुणात पडलंय. मी शुद्धीवर. संकल्प करायला कुणीतरी शुद्धीवर लागतंच.

तर संकल्प. या वर्षी पार्किन्सनच्या संशोधनात डॉ. ड्युगल्ड रॅट्रे हे नाव व्हायला हवं. हवं म्हणजे होणारच. दुसरा, बाबांकडे दर रविवारी जायचं. तिसरा, लॅबमधल्या मॉरा पटुलोशी सौजन्याने वागायचं. तिसरा पेन्सिलीने लिहिलाय.

५ जानेवारी

प्रोफेसर इनेसनी मीटिंग घेतली. बिस्किटं नेहमीसारखी सादळलेली, पण बातमी कडक. पार्किन्सनवरच्या एका नव्या गोळीची पहिली चाचणी आमच्या लॅबच्या हाती आली आहे.

भानगड अशी. काही रोग्यांच्या पेशींत एक किनेज उधळलेलं असतं. किनेज म्हणजे पेशीतला शिक्के मारणारा कारकून. समोर आलेल्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारायचा, हे त्याचं काम. या रोग्यांत तो जेवायलाही उठत नाही, मारतच सुटतो. गोळी त्याचा हात धरते म्हणे. खरंच धरते का, ते रोग्याच्या रक्तातून मोजायचं. प्रश्न एवढाच की कुणाच्या पद्धतीने.

माझ्या, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी प्रोफेसर म्हणाले, "दोन्ही लावून बघू. मे महिन्यात ठरवू." दोन्ही म्हणजे माझी आणि मॉराची. हिमालय आणि टेकाड, दोन्ही बघू, म्हणण्यासारखंच.

माझी पद्धत: कारकुनाला पेशीतून बाहेर काढायचं, स्वच्छ आंघोळ घालायची, कोऱ्या टेबलाशी बसवायचं, कोरे कागद द्यायचे आणि किरणोत्सारी शाई द्यायची. त्याने किती शिक्के मारले ते यंत्र मोजतं. आकडा येतो. आकडा खोटं बोलत नाही.

मॉराची पद्धत: कारकुनाकडे ती ढुंकून बघत नाही. पेशीतले आधीचेच कागद उपसते आणि कितींवर शिक्का आहे ते बघते. तेही कसं? फिल्मवर उमटणाऱ्या काळ्या पट्ट्यांवरून! पट्टी गडद तर किनेज जोरात, फिकट तर थंड. माझ्या शर्टाच्या कॉलरवरची पट्टी बघून शेजारीणसुद्धा एवढं सांगेल. तिला कुणी डॉक्टरेट दिली नाही.

७ जानेवारी, रविवार

बाबांकडे जायचं होतं. पण नदीवरून असा वारा सुटलाय की कुत्रीही मालकाला बाहेर नेत नाहीत. शिवाय बाबांच्या इमारतीची लिफ्ट बंद. ते राहतात पार वरती. चढायला मला काय, पण दमलेल्या मेंदूने सोमवारी विज्ञानाचं काय भलं होणार?

फोन केला. बाबांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतोय. त्याच हाताने त्यांनी अर्ध्या डंडीची छतं प्लास्टर केली. त्यांच्या रक्तात तेच किनेज उधळलेलं आहे. म्हणजे मी लॅबमध्ये बसतो तेव्हा खरं तर बाबांच्याच उशाशी बसलेला असतो. हे त्यांना नीट समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "हो का? मग तिथे चहा कोण टाकतं? कारण इथे मलाच टाकावा लागतोय, आणि निम्मा बशीत जातोय."

म्हाताऱ्या माणसांना सूक्ष्म विचार पेलत नाहीत.

१९ जानेवारी

आज धुण्याबद्दल. आमच्या धंद्यातलं सगळं पाप धुण्याच्या आळसातून येतं. किनेज पेशीतून काढलं की त्याला इतर घाण चिकटलेली असते. पुस्तकात लिहिलंय, तीन वेळा धुवा. पुस्तक लिहिणारे कंटाळलेले असतात. मी सात वेळा धुतो. सातव्यांदा धुतलेलं किनेज इतकं निर्मळ असतं की त्याच्याकडे बघून आपणच अंग चोरावं.

मॉरा मागून जात होती. म्हणाली, "ड्युगल्ड, पुरे हो! रंग जाईल त्याचा."

किनेजला रंग नसतो. तिला हे माहीत नसावं. सौजन्याने गप्प बसलो.

२ फेब्रुवारी

किरकोळ घटना. किरणोत्सारी फॉस्फरसचा एक थेंब जाड काचेच्या आडोशाला न जुमानता माझ्या पँटवर गेला. थेंबाचा दोष. किरणोत्सार शोधायचं यंत्र माझ्या मांडीजवळ नेलं तर ते पावसात पत्रा वाजावा तसं कडकडलं. सुरक्षा अधिकारी बाई आल्या. त्यांनी पँट मागितली. मी म्हटलं, उद्या आणून देतो. त्या म्हणाल्या, "उद्या नाही. आत्ता. इथे."

पँट शिशाच्या पेटीत गेली. मला कागदी निळी विजार देण्यात आली. बाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं, त्याच्या आडून गुपचूप घरी जावं म्हटलं, तर कागद ओला झाला आणि पर्थ रोडच्या बेकरीपाशी फाटला. रांगेतल्या एका बाईने आपल्या नातवाचे डोळे झाकले. मॉरा तिथेच दोन ब्रायड्या, म्हणजे खिम्याच्या करंज्या, घेत होती, एक साधी, एक कांद्याची. तिने आपला लांब कोट काढून माझ्या कमरेला गुंडाळला. वर म्हणाली, "कांद्याची घ्या, गरम आहे."

घेतली. या बाईची वागण्याची पद्धतच धूर्त आहे. समोरच्याला उपकारात ठेवायचं आणि मग हरवायचं.

ब्रायडी बरी होती.

११ फेब्रुवारी, रविवार

आज बाबांकडे जाण्यासाठी बूटसुद्धा घातले होते. मग वाटलं, आधी फोन करावा.

बरं झालं केला. बाबा म्हणाले, "अरे, आज नको येऊस. ती मॉरा पोरगी येणार आहे रक्त घ्यायला."

बूट काढले. मग बसलो. मग सगळं बाहेर आलं. बाबांनी गोळीच्या चाचणीत नाव घातलंय! गेले तीन आठवडे गोळी घेतायत! मला सांगितलं नाही! मी तसं म्हटलं तर म्हणाले, "सांगणार होतो. तू आलास की."

मॉरा म्हणे जिन्याने चढून येते. सुई टोचलेली कळतसुद्धा नाही. रक्त घेतल्यावर ती थांबते, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोलिंगमध्ये त्यांनी जिंकलेला कप पुसून देते आणि क्लबातल्या भानगडी ऐकते. "हाताला मात्र फरक नाही रे," बाबा म्हणाले. "तिने आधीच सांगितलंय, ही गोळी लगेच हात थांबवायला नाही. आधी ती जागेवर पोचते का तेच बघायचंय."

बघा. म्हाताऱ्याला फूस लावण्याची ही रीत. जिने चढायचे म्हणजे विश्वास बसतो.

२६ फेब्रुवारी

सगळ्या स्वयंसेवकांच्या रक्तातल्या पेशी आल्या. नळ्यांवर नावं नाहीत, फक्त खुणा. काही गोळी सुरू होण्याआधीच्या, काही नंतरच्या. कुठली कुठली ते प्रोफेसरांच्या तिजोरीत. प्रत्येक नळीतला निम्मा वाटा माझ्या हाती, निम्मा मॉराच्या. तिने मला "ऑल द बेस्ट" म्हटलं. मी हसलो. ज्याला माहीत आहे त्याचं हसू.

८ मार्च

सोन्याचा दिवस!

सगळ्या नळ्या झाल्या. प्रत्येक सात वेळा धुतलेली. आकडे इतके सुंदर, इतके सारखे, की डोळे भरून आले. सगळ्या नळ्यांत किनेज तितकंच जोरात. एकाही नळीत थंड पडलेलं नाही. कुठली नळी गोळीआधीची, कुठली नंतरची, हे कळायचीही गरज नाही. सगळ्या सारख्या म्हणजे गोळी निकामी. खडूची गोळी आणि ही गोळी एकच. मॉरा पटुलो गेला दीड महिना खडूच्या गोळीचा जयजयकार करत जिने चढतेय.

धावत प्रोफेसरांकडे. म्हटलं, चाचणी आजच बंद करा. ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "सगळ्या सारख्या? एकही वेगळी नाही? हे जरा जास्तच सारखं नाही वाटत, ड्युगल्ड?"

मोठेपणाला पोचलेल्या माणसांना परिपूर्णता सहन होत नाही. मेपर्यंत थांबा म्हणाले.

विज्ञान थांबेल. मुलगा कसा थांबेल? संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, ती गोळी काही कामाची नाही. मी स्वतः मोजलंय. उगाच औषध अंगात कशाला? बंद करा.

मग म्हणाले, "पण पोरगी म्हणत होती..."

मी म्हटलं, बाबा, ती पट्ट्या बघते. मी आकडे बघतो. तुमचा मुलगा कोण आहे?

म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर."

कितीतरी वर्षांनी बाबांनी माझं ऐकलं. रात्री शांत झोप लागेल.

१७ मार्च, रविवार

जाणार होतो. पण आता बाबांची काळजीच मिटली आहे, मग घाई कशाला?

२ एप्रिल

हे देवाचं देणं. चहाच्या खोलीत मॉरा कपाळाला हात लावून बसली होती. म्हणे, या वेळच्या नळ्या सगळ्या गोळी चालू असतानाच्या, म्हणजे पट्ट्या फिकटच हव्यात, आणि एका स्वयंसेवकाची एकदम काळीकुट्ट आलीय. "असं व्हायला नको होतं. मी तीनदा करून बघितलं."

मी सहानुभूती दाखवली. म्हटलं, पट्ट्यांचं असंच असतं, आज गोरी, उद्या काळी. तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. घाबरली असावी.

जागेवर येऊन प्रोफेसरांना सविस्तर मेल लिहिली. विषय: पटुलो पद्धतीचा लहरीपणा. मागणी: त्या स्वयंसेवकाची कसून चौकशी व्हावी, म्हणजे दूध का दूध, पानी का पानी. पाठवण्याआधी दोनदा वाचली. माझी गद्यशैली दिवसेंदिवस धारदार होत चालली आहे.

५ एप्रिल

प्रोफेसरांचं उत्तर आलं: तुमची सूचना योग्य आहे, मी स्वतः त्या स्वयंसेवकाला जाऊन भेटतो.

विजय! इतक्या वर्षांत माझ्या सूचनेला "योग्य" हा शब्द पहिल्यांदाच लागला.

९ एप्रिल, दुपार

प्रोफेसरांनी बोलावलंय. निकाल आधीच लावणार बहुतेक. केस विंचरून जातो.

९ एप्रिल, नंतर

मुद्देसूद लिहितो. भावनेला इथे जागा नाही.

प्रोफेसर त्या स्वयंसेवकाकडे जाऊन आले. स्वयंसेवक म्हणाला, गोळी बंद केली होती, मुलाने सांगितलं म्हणून. मुलगा शास्त्रज्ञ आहे. तुमच्याच लॅबमध्ये.

मी विंचरलेले केस पुन्हा एकदा हाताने बसवले.

मग प्रोफेसर उठले आणि फळ्यावर चित्र काढलं. माझ्याच कारकुनाचं. म्हणाले, "ही गोळी कारकुनाचा हात घट्ट नाही धरत. नुसती धरून उभी असते. पेशीत असते तोवर तो गप्प. तुम्ही त्याला बाहेर काढता, आंघोळ घालता. एकदा नाही, सात वेळा. गोळी गेली मोरीत. मग तुम्ही त्याला स्वच्छ टेबलाशी बसवता आणि विचारता, काय रे, हात मोकळा आहे का? आहेच! मोकळा तुम्हीच केलात."

मी म्हटलं, पण स्वच्छतेचा निकष...

"ड्युगल्ड," ते म्हणाले. "मॉरा मेजावर काही धूत बसत नाही. रक्तात असताना किती शिक्के पडले तेवढंच बघते. म्हणून एका माणसाने गोळी सोडली तर तिला कळलं. तुमच्या यंत्राला तो गोळी घेत होता हेही कळलं नाही. तुमच्याच वडिलांचं, ड्युगल्ड."

मी विचारलं, बाबा काय म्हणाले?

"काही नाही. त्यांनी मला चहा दिला."

१० एप्रिल

शांतपणे विचार केल्यावर काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, जनतेत विज्ञानाचं शिक्षण फार कमी आहे. लोक कुणाच्याही सांगण्यावरून औषध सोडतात. दुसरं, गोळी बनवणाऱ्यांनी ती अशी बनवायला हवी होती की धुतल्यावर जाणार नाही. साधी साडी पक्क्या रंगाची मिळते, मग... साडी कुठून आली डोक्यात? पलीकडच्या बाकावरची कल्याणी बहुतेक काल नेसली होती. मन ठिकाणावर नाही.

तिसरं सुचलं की लिहीन.

१४ एप्रिल, रविवार

बाबांचा फोन नाही. त्यांच्या भागात नेटवर्क नसेल.

२१ एप्रिल, रविवार

नेटवर्क.

२८ एप्रिल, रविवार

आज मी करून बघितला. लागला. वाजला. उचलला नाही. क्लबात गेले असतील. हिरवळ उघडली असेल आता. मागच्या वर्षीपासून ते खेळत नाहीत, कडेला बसून दुसऱ्यांचा चेंडू कुठे जायला हवा होता ते सांगतात. बाबांना ते काम जास्त आवडतं असं माझं मत आहे.

६ मे

प्रोफेसरांनी तिजोरी उघडून खुणा वाचल्या. मॉराच्या पट्ट्यांनी एकूण एक नळी ओळखली. गोळीआधीची गडद, नंतरची फिकट. बाबा सोडून, आणि बाबाही पुन्हा गोळी घेऊ लागल्यावर फिकट. गोळी जागेवर पोचते. पुढची चाचणी मॉराच्या पद्धतीने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोन, त्यातली एक चुकून जोरात.

माझी किरणोत्सारी खोली महिनाअखेर बंद होणार. तिथे सायकली ठेवणार म्हणे. बरं झालं, सायकलींना आडोसा नव्हताच.

मॉराने काहीही टोमणा मारला नाही. याला म्हणतात निर्दयपणा.

१३ मे

नवं काम मिळालं. प्रोफेसर म्हणाले, "रक्ताच्या नळ्या लवकर लॅबमध्ये आल्या पाहिजेत. मॉराला घरोघरी एकटीने जमत नाही. तुम्ही सोबत जा. पेटी उचला." बावीस वर्षं किनेज सांभाळलेल्या माणसाला पेटी!

पण विचार केला, नळी नीट हलवणं यातही शास्त्र आहे. मॉराला ते येत नसणार. माझ्या सोबतीने पद्धत सुधारेल. एका अर्थी बढतीच.

मॉराने यादी दाखवली. तिसरं नाव बाबांचं. म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाला नेते."

मी म्हटलं, व्यवसाय म्हणजे व्यवसाय.

२२ मे

लिफ्ट बंदच. सहाव्या मजल्यावर मी थांबलो, पेटी टेकवली. मॉरा वरून म्हणाली, "सावकाश या, मी पण पहिल्यांदा इथेच बसले होते." नवव्या मजल्यावर श्वास लागला. दारापाशी पोचलो तर दार उघडंच.

बाबा खुर्चीत. केस ओले करून भांग पाडलेला. बारीक झालेत. माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मॉराला म्हणाले, "ये पोरी. आज हमाल आणलास वाटतं?"

मी पेटी ठेवली. नळ्या सरळ करत बसलो. त्या सरळच होत्या.

मॉराने बाबांचा दंड बांधला. हात थरथरत होता, तिने आपला तळवा त्याखाली धरला, बस. बाबा छताकडे बघत बोलायला लागले. "तुमचे इनेस आले होते, तेव्हा एक गोष्ट सांगून गेले. तुमच्यात म्हणे एक जण आहे, तो त्या किनेजला आंघोळच घालत बसला. सात सात वेळा! गोळी मोरीतून वाहून गेली आणि हा पठ्ठ्या जगाला सांगतो, गोळी लागू पडत नाही! मी क्लबात सांगितलं. सँडी तर इतका हसला की त्याची दातांची कवळी बीअरमध्ये पडली."

मॉरा सुईकडे बघत होती. अगदी लक्ष देऊन. तिचे कान लाल झाले होते.

बाबांनी मान वळवली. "तू ओळखत असशील ना त्याला?"

ओळखतो म्हटलं.

"कसा आहे माणूस?"

खूप उत्तरं होती माझ्याकडे. एप्रिलपासून तयार केलेली, काही तर फारच मुद्देसूद. म्हटलं, "वाईट नाही, बाबा. फक्त धुतो जरा जास्त."

मॉराने सुई काढली, कापूस लावला आणि नळी घेऊन खिडकीपाशी उजेडात गेली. बाबांनी बाही खाली ओढली. मनगटाचं बटण काही लागेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग हात माझ्यापुढे केला. मी लावून दिलं.

"हं," बाबा म्हणाले. "लहानपणापासूनच तसा आहे तो."